कोळंबी आणि पाण्याचा खारेपणा: अंगवळणी पडलेली सवय की वंशात उतरलेला बदल?

संवर्धक (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली काही वर्षे व्हॅनामेई कोळंबीचे संवर्धन करतो. माझ्या तळ्यांना मिळणारे पाणी वर्षभर एकसारखे नसते. उन्हाळ्याच्या शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर) २८ ते ३० पीपीटी, म्हणजे हजार भाग पाण्यात तितके भाग क्षार, दिसते आणि पावसाचे दिवस सरता सरता तेच पाणी ५ पीपीटीपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरते. पहिल्या वर्षी खारेपणा असा उतरला तेव्हा जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटे चेक ट्रे (खाद्य खाल्ले का ते पाहण्यासाठी तळ्यात सोडलेली थाळी) वर ओढला तर खाद्य जसेच्या तसे पडून होते आणि कडेला पाच-सहा कोळंब्या निपचित पडल्या होत्या. त्यांचे कवच मऊ होते, शेपटी पोटाकडे वळलेली होती आणि एरवी काचेसारखे आरपार दिसणारे पाठीचे मांस दुधासारखे पांढरे झाले होते. एक उचलून बोटांनी हलकेच सरळ करू पाहिली, पण शेपटी सरळ होईना.

त्यानंतरच्या दोन हंगामांत पाणी तितकेच गोडे झाले, बीजही, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लेही, त्याच हॅचरीचे (बीजगृहाचे) होते, परंतु नुकसान बरेच कमी झाले. बीज पुरवणारे गृहस्थ ठामपणे सांगतात की ही जात आता कमी खारेपणाला जुळली आहे, तिच्या जनुकांतच तसा बदल झाला आहे. मला हे पटावे असे फार वाटते, कारण ते खरे असेल तर पुढच्या हंगामांची आखणी मी वेगळ्या रीतीने करीन. पण दोन-तीन वर्षांत एखाद्या जिवाचा वंश खरोखर इतका बदलू शकतो का? आणि बदलत नसेल, तर माझ्या कोळंब्या या वेळी जगल्या कशाच्या बळावर? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मत्स्यविद्यार्थी

उत्तम विषय. जाणकारांना एक विनंती आहे. या विषयावरच्या लिखाणात 'जुळवून घेणे' हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की वाचणाऱ्याला नेमके काय बदलले तेच कळत नाही. कोळंबी बदलली, की कोळंबीची संतती बदलली, एवढे आधी स्पष्ट झाले तर पुढची चर्चा सोपी होईल.

गुणसूत्र

वरच्या प्रतिसादाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. एकच कोळंबी तिच्या आयुष्यात पाणी बदलले म्हणून शरीराचे कामकाज बदलते, ही एक गोष्ट; आणि पिढ्यांमागून पिढ्या ज्या कोळंब्यांकडे अनुकूल जनुके आहेत त्यांचीच संतती अधिक उरत गेल्याने संपूर्ण कळपाचा वंश बदलतो, ही दुसरी गोष्ट. पहिलीत जनुके तीच राहतात, फक्त त्यांपैकी कोणते किती जोराने काम करते ते बदलते. दुसरीत कोणत्या जनुकाचे कोणते रूप कळपात किती प्रमाणात आढळते, हेच बदलते. पहिलीला तास आणि दिवस पुरतात, दुसरीला पिढ्या लागतात. आपल्या तळ्यात जे दिसते ते जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारचे असते, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे देतो.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. पूर्ण समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे पाणी ओढून घेण्याची ताकद, साधारण १००० मिलिऑस्मोलच्या घरात असतो. व्हॅनामेईच्या रक्ताचा दाब सुमारे २५ पीपीटीच्या पाण्याइतका, म्हणजे सातशेच्या थोडा वर असतो. त्यामुळे २५ पीपीटीच्या आसपास आतले आणि बाहेरचे सारखे असते आणि या एका कामापुरता कोळंबीवर फारसा भार नसतो. पाणी ३ पीपीटीवर उतरले की बाहेरचा दाब नव्वदच्या आसपास येतो, पण रक्ताचा दाब पाचशेच्या खाली जाऊ देणे कोळंबीला परवडत नाही. म्हणजे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते, आतले क्षार सतत बाहेर झिरपू पाहतात आणि हा असमतोल तिला रात्रंदिवस सावरावा लागतो.

हे काम मुख्यतः कल्ल्यांत चालते. कल्ल्यांच्या पेशींच्या रक्ताकडील बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतात. असा एक पंप प्रत्येक फेरीत ३ सोडियम पेशीतून रक्तात ढकलतो आणि २ पोटॅशियम पेशीत घेतो. पाण्याकडील बाजूने सोडियम आणि क्लोराइड आत ओढण्यासाठी इतर वाहक प्रथिने असतात, आणि कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्यापासून ज्या आयनांची सोय करते त्यांच्या मोबदल्यात बाहेरचे क्षार आत घेतले जातात. खारेपणा उतरला की आधी असलेले पंप अधिक वेगाने चालू लागतात आणि मग पुढच्या काही दिवसांत नवे पंप बनवण्यासाठी संबंधित जनुकांचे काम वाढते. डोळ्यांच्या देठांतल्या ग्रंथींतून सुटणारी संप्रेरके या साऱ्यावर देखरेख ठेवतात. पेशीही आपल्या आतले ग्लायसिन, प्रोलिन, टॉरिन यांसारखी सुटी अमिनो आम्ले कमी करून फुगण्यापासून स्वतःला वाचवतात. अमिनो आम्ले मोडली की अमोनिया बाहेर पडतो. कमी खारेपणात कोळंबी अधिक अमोनिया टाकते त्याचे एक कारण हेच आहे.

आता ही सारी यंत्रणा आली कोठून? व्हॅनामेईची मादी खोल समुद्राच्या बाजूला अंडी घालते, आणि नॉप्लियस, झोइया, मायसिस या अवस्था संपवून पिल्ले खाडीच्या आणि किनारी सरोवरांच्या निमखाऱ्या पाण्यात शिरतात. तिथे वाढून ती पुन्हा समुद्राकडे जातात. पूर्व पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मेक्सिकोपासून पेरूच्या उत्तर भागापर्यंत ज्या खाड्यांत ती पिढ्यानपिढ्या वाढली, तिथे पाऊस आणि भरती-ओहोटी यांनी खारेपणा सतत बदलत असतो. म्हणून बदलत्या खारेपणाशी झटपट जुळवून घेण्याची लवचीकता हीच तिला मिळालेली जनुकीय देणगी आहे. ती तुमच्या तळ्यात तयार झालेली नाही, ती लाखो वर्षांची कमाई आहे. धागाकर्त्यांच्या कोळंब्या पहिल्या वर्षीही तीच देणगी घेऊन आल्या होत्या; त्या वर्षी ती वापरण्याइतकी सवड आणि साधने त्यांना मिळाली का, हा खरा प्रश्न आहे.

भरतीओहोटी

गुणसूत्र यांच्या शेवटच्या वाक्यातील 'साधने' या शब्दाला धरून लिहितो, कारण धागाकर्त्यांनी वर्णन केलेली वळलेली शेपटी आणि दुधी मांस वाचताच मला जनुकांच्या आधी पोटॅशियम आठवले.

रिफ्रॅक्टोमीटर सर्व क्षारांची बेरीज दाखवतो, त्यांची वाटणी दाखवत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण साधारण २८ ला १ असते. पाणी निव्वळ पावसाने पातळ झाले तर हे प्रमाण टिकते, परंतु गोड्या पाण्यात किंवा जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात ही वाटणी बऱ्याचदा बिघडलेली असते. किती असायला हवे याचा ढोबळ हिशोब असा की पीपीटीच्या आकड्याला १०.७ ने गुणले की पोटॅशियम आणि ३९.१ ने गुणले की मॅग्नेशियम, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे ४ पीपीटीला पोटॅशियम सुमारे ४३ आणि मॅग्नेशियम सुमारे १५६ हवे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात समुद्रापासून दूर, विहिरीच्या खारट पाण्यावर व्हॅनामेई वाढवू लागले तेव्हा हीच अडचण आली होती. त्या पाण्यात खारेपणा पुरेसा असूनही कोळंबी मरत होती, आणि म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियमचे खत) व मॅग्नेशियमची खते घातल्यावर तीच कोळंबी जगू लागली.

जो पंप दर फेरीला २ पोटॅशियम मागतो त्याला पोटॅशियमच मिळाले नाही, तर त्या पंपाचे जनुक कितीही चांगले असले तरी काय उपयोग? धागाकर्त्यांना माझा सरळ प्रश्न आहे: पहिल्या वर्षानंतर तुम्ही पाण्यात काही घालू लागलात का?

दुसरी गोष्ट नायट्राइटची, म्हणजे तळ्यात अमोनियापासून तयार होणाऱ्या विषारी घटकाची. क्लोराइड भरपूर असते तेव्हा ते नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाण्यात अडथळा करते. खारेपणा उतरला की तो अडथळा जातो, आणि ३० पीपीटीला जे नायट्राइट सहज खपले असते तेच ४ पीपीटीला घातक ठरते. अशी मर पाहून 'बीज कमकुवत निघाले' असे म्हणणारे मी अनेक पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते.

संवर्धक (धागाकर्ता)

भरतीओहोटी यांचा प्रश्न वाचून जुन्या वह्या काढल्या. होय, दुसऱ्या वर्षीपासून एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी पावसाळ्यापूर्वी म्युरेट ऑफ पोटॅश टाकू लागलो. शिवाय बीज सोडताना पहिल्या वर्षी पिशव्या तासाभरात तळ्यात रिकाम्या केल्या होत्या. नंतरच्या वर्षी हॅचरीतच खारेपणा दोन दिवसांत हळूहळू उतरवून मागितला. हे दोन बदल मी स्वतःच केले होते आणि श्रेय मात्र बीजाला देत होतो, याची आज जाणीव झाली.

तरीही एक शंका उरते. समजा तळ्यात शंभरातल्या चाळीस मेल्या आणि साठ जगल्या. जगलेल्या साठांत कमी खारेपणा सोसणारी जनुके अधिक असणार, हे तर खरे ना? मग ही निवडच नव्हे का? आणि दरवर्षी असे होत गेले तर वंश बदलायलाच हवा.

गुणसूत्र

ही शंका अगदी बरोबर जागची आहे आणि तिच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. तळ्यात निवड होते, यात वाद नाही. पण त्या साठ कोळंब्या पुढे कोठे जातात? काढणीनंतर त्या बाजारात जातात. त्यांची संतती होत नाही. तुमच्या पुढच्या हंगामाचे बीज ज्या नर-माद्यांपासून येते ते कधी तुमच्या तळ्यात उतरलेले नसतात. ते एखाद्या प्रजनन केंद्रात, जवळजवळ समुद्राइतक्या खाऱ्या आणि निर्जंतुक पाण्यात वाढलेले असतात, आणि त्यांचे आईवडीलही तसेच. म्हणजे तळ्यातल्या पाण्याने केलेली निवड दर काढणीला पुसली जाते. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी चांगली कणसे राखून ठेवतो, तसा दुवा इथे नाही.

उलट एक काळजीची बाजू मला दिसते. ज्या वंशाला कित्येक पिढ्यांत खाडीचे पाणी दिसलेच नाही, त्याच्यावर कमी खारेपणा सोसण्याचे कौशल्य टिकवण्याचे कसलेही बंधन राहत नाही. वापरात नसलेला गुण लगेच नाहीसा होतो असे नाही, पण तो राखला जाईल याची हमीही कोणी देत नाही. वाढीचा वेग आणि रोगांचा प्रतिकार यांसाठी जी निवड चालते तिच्याबरोबर हा गुण टिकला तर तो योगायोगाने टिकतो. दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात असेही घडू शकते. टॉरा सिंड्रोम हा रोग १९९२ मध्ये इक्वेडोरमध्ये उफाळला, त्यानंतर हवाई बेटांवरील ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा प्रतिकार करणाऱ्या कुळांची निवड झाली आणि ती यशस्वीही झाली. परंतु त्या कामात जलद वाढ आणि प्रतिकार यांच्यात उलटा जनुकीय संबंध आढळल्याची नोंद आहे. एक गुण वाढवताना दुसरा घसरू शकतो, याची ती ठळक खूण आहे.

खारफुटी

मग उपाय सोपा नाही का? तळ्यात कमी खारेपणात जगलेल्या, मोठ्या, निरोगी कोळंब्या राखून ठेवाव्यात आणि त्यांनाच पुढच्या पिढीचे आईबाप करावे. जो दुवा तुटला आहे असे आपण म्हणता, तो असा जोडता येईल.

बीजगृह

मी हॅचरीत काम करतो, म्हणून या सूचनेला उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. असे करणारी बीजगृहे आहेत आणि त्याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत.

बाजारात विकले जाणारे बीज मुळातच थोड्या कुळांचे असते. एक मादी एका वेळी १ लाख ते अडीच लाख अंडी देते, त्यामुळे मोजक्या माद्यांवर प्रचंड बीज तयार होते आणि एका तळ्यातल्या कोळंब्या बऱ्याचदा सख्खी भावंडे असतात. त्यांच्यातूनच नर-मादी निवडले की जवळच्या नात्यातला संकर होतो. त्याचे दुष्परिणाम चांगल्या पाण्यात फारसे दिसत नाहीत, पण रोग किंवा खारेपणाचा ताण आला की तेच उघडे पडतात. म्हणजे ज्या ताणासाठी आपण निवड करायला निघालो, त्याच ताणात संतती दुबळी ठरण्याचा धोका असतो. दुसरे असे की उघड्या तळ्यातल्या कोळंबीबरोबर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू किंवा यकृत व स्वादुपिंड या दोन्हींचे काम करणाऱ्या कोळंबीच्या पचनग्रंथीत वाढणारा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी बीजगृहात येऊ शकतो, आणि एकदा आला की सगळ्या टाक्यांचे काम थांबते. तिसरे, तळ्यात जगलेली प्रत्येक कोळंबी जनुकांमुळेच जगली असे नसते. एरेटरजवळ (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राजवळ) राहिली, कात टाकण्याचा दिवस पावसाच्या दिवशी आला नाही, एवढ्याचाही वाटा मोठा असतो.

कात टाकण्याविषयी दोन वाक्ये अधिक लिहितो. नवे कवच मऊ असताना कोळंबी पाणी शोषून फुगते आणि त्या काही तासांत तिचा क्षारांवरचा ताबा सर्वांत सैल असतो. रात्री टाकीत कंदिलाच्या उजेडात पाहिले तर कात टाकलेली कोळंबी तळाशी एका कुशीवर पडून असते, तिच्या शेजारी रिकामे, आरपार दिसणारे कवच डोळ्यांच्या खोबणींसकट पडलेले असते आणि ती स्वतः पायांच्या बारीक हालचालींनी पाणी कल्ल्यांवरून फिरवीत राहते. त्याच वेळी खारेपणा अचानक उतरला तर चांगल्या वंशाची कोळंबीही दगावते.

आता 'कमी खारेपणाचे बीज' या नावाविषयी प्रामाणिकपणे लिहितो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच असतो की पिल्लांना हॅचरीत हळूहळू कमी खारेपणावर आणून मग पाठवले आहे. हे काम मोलाचे आहे. पोस्टलार्व्हा (मायसिसनंतरच्या अवस्थेतली पिल्ले) दहा दिवसांचे असताना कल्ल्यांची वाढ अपुरी असते. पंधरा दिवसांपर्यंत ती पुष्कळ सुधारते आणि तशी पिल्ले खालच्या खारेपणावर अधिक चांगली टिकतात. खारेपणा उतरवताना जितके खाली जावे तितके सावकाश जावे लागते, कारण ३० वरून २८ वर येणे म्हणजे पंधरावा हिस्सा कमी होणे आणि ४ वरून २ वर येणे म्हणजे निम्मे होणे. पण हे सारे त्या पिल्लांपुरते असते. त्यांच्या वंशात काहीही लिहिले गेलेले नसते.

बीजाची ताण-चाचणीही याच कारणाने सावधपणे वाचावी. पिल्ले अर्धा तास गोड्या किंवा फार कमी खाऱ्या पाण्यात ठेवतात, पुन्हा मूळ पाण्यात घालून अर्ध्या तासाने जिवंत मोजतात. या चाचणीत पिल्लांचे वय, कल्ल्यांची वाढ आणि आहारातली उपयुक्त मेदाम्ले यांचा प्रभाव फार मोठा असतो. चाचणीचा निकाल चांगला आला म्हणजे त्या तुकडीची प्रकृती चांगली आहे. त्यावरून वंशाचा दाखला देणे चुकीचे आहे.

मत्स्यविद्यार्थी

चर्चा एका बाजूला झुकू नये म्हणून एक उदाहरण मांडतो. खारेपणाशी खरोखर जनुकीय जुळवणूक होते, आणि ती आश्चर्य वाटावे इतक्या लवकर होऊ शकते. युरिटेमोरा हा सूक्ष्म कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातला पाण्यात तरंगणारा कवचधारी जीव, मूळचा खाडीतला. गेल्या शतकात तो उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या महासरोवरांत पोहोचला, आणि असे गोड्या पाण्यात शिरणे त्याच्या वेगवेगळ्या गटांत स्वतंत्रपणे घडले. कॅरल ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाडीतले आणि गोड्या पाण्यातले कोपेपॉड प्रयोगशाळेत एकसारख्या पाण्यात वाढवून तपासले, तेव्हा गोड्या पाण्यातल्या गटांत प्रोटॉन ढकलणाऱ्या पंपाचे काम कमी खारेपणात वाढलेले आढळले. प्रयोगशाळेत काही पिढ्या गोड्या पाण्यासाठी निवड केल्यावरही तीच दिशा दिसली. कोपेपॉडला हे जमले तर कोळंबीला का जमू नये?

शिवाय एक विचारायचे आहे. मादीला कमी खारेपणात ठेवले तर तिच्या अनुभवाचा काही अंश पिल्लांत उतरतो का? आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या एका लहान कवचधारी जिवाच्या) बाबतीत उष्णतेचा सौम्य ताण दिलेल्या माद्यांच्या पुढच्या पिढ्या अधिक सोशिक निघाल्याचे प्रयोग वाचनात आले आहेत, आणि ते आर्टेमिया नराविना प्रजनन करणारे असल्याने पिढ्यांतली जनुके जवळपास तीच होती.

गुणसूत्र

कोपेपॉडचे उदाहरण फार मोलाचे आहे आणि ते माझ्या म्हणण्याला पूरक आहे. तिथे गोड्या पाण्यात जगलेल्यांनीच गोड्या पाण्यात संतती केली, दुवा कोठेही तुटला नाही. पिढीही काही आठवड्यांची. कोळंबीची पिढी साधारण वर्षभराची असते आणि तिची अंडी व पहिल्या अवस्था समुद्राइतकाच खारेपणा मागतात. त्यामुळे मादीला ३ पीपीटीत ठेवून तिच्याकडून अंडी मिळवणे हा मार्गच बंद आहे. मादीचा आहार आणि प्रकृती अंड्यांमार्फत पिल्लांवर परिणाम करतात हे खरे आहे, परंतु एका पिढीत दिसलेला फरक वंशाचा समजू नये. दोन गट एकाच पाण्यात, एकाच आहारावर, दोन पिढ्या वाढवूनही फरक टिकला तर तो वंशाचा म्हणावा. कोपेपॉडच्या प्रयोगात एकसारख्या पाण्यात वाढवण्याचे महत्त्व हेच आहे.

गोड्या पाण्याशी पूर्ण जनुकीय जुळवणूक कशी दिसते ते पाहायचे तर गोड्या पाण्यातल्या क्रेफिशकडे (शेवंडासारख्या दिसणाऱ्या कवचधारी प्राण्याकडे) पाहावे. तो रक्ताहून कितीतरी पातळ मूत्र बनवतो, म्हणजे पाणी टाकतो आणि क्षार राखतो. आपली कोळंबी हे करू शकत नाही. तिचे मूत्र रक्ताइतकेच खारट असते आणि कमी खारेपणात ती पाणी टाकते तेव्हा दर वेळी क्षारही गमावते. पंपांची संख्या वाढवणे हा एक बदल झाला आणि मूत्रग्रंथीची रचना बदलणे हा वेगळाच. पहिला काही पिढ्यांच्या निवडीने साधू शकतो, दुसऱ्याची अपेक्षा प्रजनन केंद्राकडून करू नये.

आता निवड करायचीच झाली तर ती कशी करतात ते लिहितो. प्रत्येक कुळाची पिल्ले दोन भागांत वाटतात. एक भाग स्वच्छ, बंदिस्त केंद्रात राहतो. त्यांची भावंडे कमी खारेपणाच्या टाक्यांत किंवा तळ्यांत सोडतात आणि कोणत्या कुळाची भावंडे अधिक जगली, अधिक वाढली हे नोंदवतात. मग त्या कुळांतील केंद्रात राखलेल्या नर-माद्यांचा संकर करतात. परीक्षा दिलेली कोळंबी केंद्रात परत येत नाही, त्यामुळे रोगही येत नाही. इथे प्रगती किती होईल ते दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: निवडलेली कुळे सरासरीहून किती सरस आहेत, आणि त्या सरसपणाचा किती हिस्सा वारशाने येतो. समजा निवडलेली कुळे सरासरीहून २० टक्के सरस आहेत आणि वारशाचा हिस्सा दहांत एक आहे, तर पुढच्या पिढीत २ टक्के सुधारणा मिळेल. हा केवळ समजण्यासाठी घेतलेला आकडा आहे, पण जगण्याच्या गुणाचा वारसा वाढीच्या गुणापेक्षा सहसा कमीच असतो, म्हणून घाईने फळ मिळत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ३० पीपीटीला जे कूळ पहिले येते तेच ५ पीपीटीलाही पहिले येते का. क्रम तोच राहिला तर समुद्राच्या पाण्यात केलेली निवड आपल्यालाही लाभेल. क्रम उलटापालटा झाला तर कमी खारेपणात स्वतंत्र परीक्षा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. बीज विकणाऱ्याकडे विचारायचा प्रश्न हाच आहे.

जनुकांचा नकाशा हाती आल्याने काम थोडे सोपे झाले आहे. व्हॅनामेईचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण डीएनए-मजकूर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो १.६६ अब्ज अक्षरांचा आहे, त्यात २५,५९६ प्रथिन-जनुके नोंदली गेली, आणि जवळजवळ चौथा हिस्सा लहान तुकड्यांच्या पुनरावृत्तीने भरलेला आहे, जे प्राण्यांत फार विरळा आहे. गुणसूत्रांच्या ४४ जोड्या आहेत. खारेपणा सोसणे हे कोण्या एका जनुकाचे काम नाही. पंप, वाहक, संप्रेरके, अमिनो आम्लांचा व्यवहार, कवच घडवणे, ऊर्जा पुरवणे अशा अनेकांचा थोडाथोडा वाटा त्यात आहे. म्हणून 'खारेपणाचे जनुक सापडले' असे कोणी सांगितले तर सावध राहावे. जीनोमभर विखुरलेल्या खुणांची एकत्र बेरीज करून एकाच कुळातल्या भावंडांतही सरस कोण हे ओळखणे शक्य होते, आणि माझ्या मते पुढची खरी वाट ती आहे.

संवर्धक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुरवठादारांना दूरध्वनी केला आणि विचारले की नर-मादी कोणत्या खारेपणात वाढवले, त्यांच्या भावंडांची कमी खारेपणात परीक्षा झाली होती का आणि क्रम काय लागला. त्यांनी सांगितले की परीक्षा झालेली नाही, बीज खालच्या खारेपणावर आणून देतात तेवढेच. त्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. 'जुळवले' या शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा होता.

या हंगामात दोन बीजगृहांची एकाच वयाची पिल्ले शेजारशेजारच्या टाक्यांत, एकाच पाण्यात, पोटॅशियम मोजून वाढवण्याचा विचार आहे. फरक दिसला तर तो कितपत खरा मानावा?

बीजगृह

प्रत्येक बीजाला एकच टाकी दिलीत तर फरक बीजाचा की टाकीचा, हे सांगता येणार नाही. निदान तीन-तीन टाक्या द्या आणि कोणती टाकी कोणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्ही बीजे आधी आठवडाभर एकाच खारेपणावर आणि एकाच खाद्यावर ठेवा, म्हणजे आधीच्या हॅचरीतल्या सवयीचा प्रभाव कमी होईल. मोजणी करताना मेलेल्या कोळंबीचे कवच मऊ होते की कडक तेही लिहून ठेवा. आणि मोठ्या पावसानंतर टाकीच्या वरच्या थराचे पाणी मोजून थांबू नका. गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते, कोळंबी तळाशी असते, त्यामुळे बाटलीला दोरी बांधून तळाचेही पाणी काढा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.